गाडी थांबल्यावर पाटी-पेन्सिल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन मुलांसह लांबच्या सुट्टीवर निघायचे आणि त्यांचे शिक्षण वाटेत चालू ठेवायचे, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. दोन मुलांना घेऊन मी स्वतः असा प्रवास केलेला असल्यामुळे काही ठिकाणी पुस्तकी उत्तराऐवजी ठेच लागून आलेले शहाणपण आढळेल, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

प्रश्न : आमची मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा असून गेले दीड वर्ष दोघांचे गृहशिक्षण चालू आहे. येत्या सुट्टीत आठ आठवडे कॅम्परव्हॅनने फिरण्याचा बेत आहे. रोज सकाळी ९ ते १ अभ्यास, आणि तोही शक्यतो गाडी चालू असतानाच, असे वेळापत्रक मी केले आहे, म्हणजे मुक्कामी पोहोचल्यावर सर्वांना मोकळीक मिळेल. रोज सरासरी २५० किलोमीटर अंतर कापायचे आहे. हे जमेल का? (एक आई)

उत्तर : वेळापत्रकाला हात लावण्यापूर्वी ते २५० किलोमीटर कमी करा. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, आणि त्या हिशेबाने आपण १४,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक अंतर कापायला निघाला आहात. सामानाने भरलेली व्हॅन ताशी सरासरी ६० किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही, त्यामुळे नुसत्या चालवण्यात चार तासांहून अधिक वेळ जाईल. त्यात इंधन भरणे, पाणी भरणे, सांडपाण्याची आणि शौचालयाची टाकी रिकामी करणे, मुलांचे पाय मोकळे करणे आणि संध्याकाळी जागा शोधून गाडी नीट लावणे हे सारे मिळवले की दिवस संपतो. असे ५६ दिवस काढल्यावर मुलांना रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याखेरीज फारसे काही आठवणार नाही. माझा सल्ला असा की आठवड्यात दोन, फार तर तीन दिवस प्रवासाचे ठेवावेत आणि एका जागी किमान दोन-तीन रात्री तरी मुक्काम करावा.

आता गाडी चालू असताना अभ्यास करण्याविषयी. चालत्या गाडीत मूल वहीकडे पाहते तेव्हा त्याचे डोळे मेंदूला सांगतात की समोरचे पान स्थिर आहे, आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण वळत, उसळत, थांबत आहोत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. हा त्रास दोन ते बारा या वयोगटात सर्वाधिक दिसतो, म्हणजे आपली दोन्ही मुले नेमकी त्याच वयात आहेत. आमच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही धाकट्याला वळणावळणाच्या रस्त्यावर अपूर्णांकांची बेरीज करायला बसवले होते. पाचव्या उदाहरणापर्यंत तो गप्प झाला, सहाव्याला त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि सातवे उदाहरण कोणालाही वाचता येणार नाही अशी त्या वहीची अवस्था झाली. त्या दिवसापासून आम्ही एक नियम पाळला : गाडी चालते तेव्हा शाळा कानांची, थांबते तेव्हा डोळ्यांची आणि हातांची. प्रवासात पाढे, तोंडी हिशेब, गोष्ट ऐकणे, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगणे, शब्दांच्या भेंड्या, ध्वनिमुद्रित पुस्तके आणि कंटाळा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहणे, एवढेच ठेवावे. लिहिणे आणि वाचणे गाडी थांबल्यावर.

चार तासांचा आग्रहही सोडावा. शाळेच्या वर्गात हजेरी, वह्या वाटणे, मागे पडलेल्यांसाठी थांबणे आणि पुढे गेलेल्यांना थोपवून धरणे यात जो वेळ जातो, तो एका पालकासमोर दोनच मुले बसलेली असताना जात नाही, हे आपण दीड वर्षात अनुभवले असेलच. मुक्कामाच्या दिवशी सकाळी मुलासाठी तासभर आणि मुलीसाठी दीड-दोन तास पुरेसे आहेत, पण ते न्याहारीनंतर लगेच आणि न चुकता व्हावेत. ‘दुपारी बघू’ म्हटलेला अभ्यास प्रवासात कधीच होत नाही, कारण दुपारी नदी असते.

ही सकाळची वेळ वाटते तितकी सहज हाती लागत नाही, आणि त्याचे कारण शैक्षणिक नसून सुतारकामाचे आहे. बहुतेक व्हॅनमध्ये ज्या टेबलावर अभ्यास करायचा, तेच रात्री खाली सरकवून, वर गाद्या अंथरून झोपण्याची जागा केली जाते. म्हणजे शाळा भरण्यासाठी आधी कोणाला तरी उठवावे लागते, पांघरुणे घडी करावी लागतात, गाद्या उभ्या कराव्या लागतात आणि टेबलाचा पाय त्याच्या खोबणीत बसवावा लागतो. हे काम मुलांकडेच सोपवावे. आमच्या मुलीने दुसऱ्या आठवड्यापासून ते सहा मिनिटांत आवरण्याचा पण केला आणि घड्याळ लावून तो पुरा केला. प्रत्येक मुलाला एक कापडी पिशवी द्यावी. त्याचे लेखनसाहित्य, वही आणि चालू पुस्तक त्या पिशवीत मावले पाहिजे, जे मावणार नाही ते नेऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, पण विचारायला हवी होती. गाडी कोण चालवणार आणि शिकवणार कोण? ज्याने चार तास गाडी चालवली त्याने त्याच दिवशी शिकवायला बसू नये. त्याच्या शिकवण्यात शिकवणे थोडे आणि खेकसणे फार असते.

प्रश्न : मुलगा १२ वर्षांचा आहे. तीन महिन्यांच्या प्रवासात त्याचे गणित मागे पडेल अशी भीती वाटते. सर्व विषयांची पाठ्यपुस्तके, सरावपुस्तिका आणि एक छोटा फळा बरोबर घ्यावा असे मी म्हणतो, तर पत्नी म्हणते की प्रवासातच पुरेसे गणित असते. कोणाचे खरे? (एक वडील)

उत्तर : दोघांचेही अर्धे अर्धे. आधी पुस्तकांच्या वजनाचे पाहू. प्रत्येक गाडीच्या कागदपत्रांत तिचे कमाल अनुज्ञेय वजन दिलेले असते. युरोपातील बहुतेक देशांत साध्या वाहन परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येत असल्यामुळे तेथील अनेक कॅम्परव्हॅन याच मर्यादेच्या आत बांधलेल्या असतात. या मर्यादेतून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की माणसे, पाणी, कपडे, सायकली आणि आपला फळा या सर्वांसाठी किती किलो उरतात ते कळते, आणि ते पुष्कळदा अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघतात. पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा १०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एका धिप्पाड प्रवाशाएवढे ओझे. ही वजाबाकी मुलालाच करायला सांगा. फळा न्यायचा की नाही याचा निकाल तो स्वतःच देईल.

पत्नींचे म्हणणे खरे आहे याचा पुरावा बॅटरीत सापडतो. व्हॅनमध्ये इंजिनाच्या बॅटरीखेरीज घरगुती वापरासाठी वेगळी बॅटरी असते. ती १२ व्होल्टची आणि १०० अँपिअर-तासांची आहे असे धरू. गुणाकार केला की १२०० वॅट-तास येतात (एक वॅट-तास म्हणजे एक वॅटचे उपकरण तासभर चालवण्याइतकी वीज). परंतु बॅटरी शिसे-आम्ल प्रकारची असेल तर ती अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये, अन्यथा तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाताशी खरे ६०० वॅट-तासच. आता खर्च मांडा. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज ४० वॅट घेतो आणि दिवसाच्या एक-तृतीयांश वेळ चालतो, म्हणजे ३२० वॅट-तास. १० वॅटचे दिवे चार तास, म्हणजे ४०. ५० वॅटचा लॅपटॉप तीन तास, म्हणजे १५०. बेरीज ५१०, शिल्लक ९०. दुसरा लॅपटॉप तीन तास चालवायचा असेल तर आणखी १५० लागतील, आणि तेवढे शिल्लक नाहीत. आमच्या मुलीने हा हिशेब स्वतः मांडला, तो पुन्हा तपासला आणि मग काही न बोलता स्वतःचा चित्रपट दुसऱ्या दिवशीच्या उन्हावर ढकलला. टपावर आडवे बसवलेले १०० वॅटचे सोलर पॅनेल उन्हाळ्यातील स्वच्छ दिवशी सुमारे ३०० ते ४०० वॅट-तास देते. १०० वॅट गुणिले उजेडाचे बारा तास असा भाबडा गुणाकार मुले आधी करतात. तो करू द्यावा, आणि संध्याकाळी मीटर दाखवावा.

विज्ञानही असेच दारात येऊन उभे राहते. काही व्हॅनमध्ये शोषण पद्धतीचा फ्रिज असतो, जो गॅसच्या ज्योतीवर चालतो. ज्योत पेटवून बर्फ करायचा हे मुलांना थापच वाटते. १९२२ मध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी शोधलेल्या या यंत्रात उष्णतेमुळे अमोनिया पाण्यातून वेगळा होतो, थंड होऊन द्रवरूप होतो, मग बाष्पीभवन होताना फ्रिजमधील उष्णता घेतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. यात कोठेही पंप नाही, द्रव स्वतःच्या वजनाने वाहतो, म्हणून गाडी तिरकी उभी असेल तर हे चक्र बिघडते. यासाठी गवंड्याची पाणसळ बरोबर ठेवावी. मुक्कामी पोहोचल्यावर मुलाने ती जमिनीवर ठेवायची, बुडबुडा कोणत्या बाजूला सरकतो ते पाहायचे आणि कोणत्या चाकाखाली उतरता ठोकळा घालायचा ते सांगायचे. उंच घाटात शिरल्यावर हवाबंद पाकीट का फुगते, आणि चहाचे पाणी लवकर उकळूनही बटाटे शिजायला वेळ का लागतो, याचे उत्तर त्याने शोधावे. साधारण दर ३०० मीटर चढल्यावर पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंश सेल्सिअसने उतरतो, त्यामुळे ३००० मीटर उंचीवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते.

मात्र येथे मी पत्नींची बाजू सोडते. बॅटरीच्या हिशेबातून गुणाकार पक्का होतो, पण समीकरणे सोडवणे किंवा भूमितीतील सिद्धता त्यातून आपोआप येत नाहीत. गणिताची शिडी पायरीपायरीनेच चढावी लागते आणि तीन महिन्यांचा खंड तिला सोसत नाही. तेव्हा गणिताचे एकच पाठ्यपुस्तक न्यावे, आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्यातील चाळीस मिनिटांचे काम ठरलेल्या क्रमाने करावे. इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांची पुस्तके घरी राहिली तरी हरकत नाही.

प्रश्न : आम्ही प्रवासात गृहशिक्षण करणार आहोत, तर त्याला कायद्याची अडचण येऊ शकते का? आणि इंटरनेट नसेल तेथे काय करावे? (एक वाचक)

उत्तर : कायदा देशोदेशी अगदी निराळा आहे. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यातील सातव्या कलमानुसार मुलाचे शिक्षण शाळेत नियमित हजर राहून किंवा अन्य प्रकारे होऊ शकते, आणि गृहशिक्षणाला त्या ‘अन्य प्रकारे’चा आधार आहे. उलट जर्मनीत शाळेत जाणेच सक्तीचे असून गृहशिक्षणाला अपवाद म्हणूनच वाव मिळतो. आपण जेथे राहता तेथील नियम प्रथम पाहावा, मूल शाळेच्या पटावर असेल तर लेखी परवानगी घ्यावी, आणि प्रवासात काय शिकवले याची तारीखवार नोंद ठेवावी. इंटरनेटवर शाळा उभी करूच नये. नकाशे, पुस्तके आणि धड्यांच्या चित्रफिती निघण्यापूर्वीच उतरवून घ्याव्यात.

प्रश्न : मुलगा आणि सून नातवंडांना घेऊन महिनाभर व्हॅनमध्ये राहणार आहेत. त्याच बंद जागेत गॅस, त्याच जागेत झोप आणि त्याच जागेत अभ्यास. मी काळजी व्यक्त केली की दोघेही हसतात. माझी भीती अनाठायी आहे का? (एक आजी)

उत्तर : आजी, आपली भीती मुळीच अनाठायी नाही. हे उत्तर त्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवावे.

गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे गाडी लागण्यासारखीच असल्यामुळे प्रवासात हमखास फसगत होते. गाडी उभी असताना एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर औषध शोधत न बसता सर्वांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे, आणि मग वैद्यकीय मदत मागवावी. व्हॅनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे, आणि त्याची चाचणीची कळ दाबून पाहण्याचे काम एखाद्या नातवंडाकडे द्यावे. थंडी वाजते म्हणून स्वयंपाकाची शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवू नये. कोळशाची शेगडी तर विझत आलेली असली तरी आत आणू नये, कारण धुमसणारे निखारेच अधिक घातक असतात. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो, म्हणून तो बाहेर पडावा यासाठी तळाकडे झरोके ठेवलेले असतात. त्यांवर दप्तर, चटई किंवा बूट ठेवू नयेत. प्रवासाला निघताना सिलिंडर बंद करावा.

दुसरे म्हणजे चालत्या गाडीत कोणीही मागच्या गादीवर लोळत येऊ नये, मग ते कितीही शहाण्यासारखे वाचत असो. प्रवासासाठी बनवलेल्या आसनावर, पट्टा लावून आणि वयाला योग्य अशा बाल-आसनात बसणे याला पर्याय नाही. उघड्या फळीवरचा जाड शब्दकोश अचानक ब्रेक लागल्यावर गाडीच्याच वेगाने पुढे येतो, तेव्हा पुस्तके कडी लावलेल्या कपाटातच असावीत. निघण्यापूर्वी कपाटांच्या कड्या, खिडक्या, टपावरील झरोका, गॅस, पायरी आणि विजेची बाहेरून जोडलेली केबल तपासण्याची यादी नातवंडांनी स्वतःच्या अक्षरात लिहावी आणि दर वेळी मोठ्याने वाचावी. आम्ही एकदा ती न वाचता निघालो आणि बाहेरची पायरी आत घ्यायची विसरलो. ती एका दगडाने उखडली. त्यानंतर यादी वाचल्याशिवाय आमची मुले गाडी हलू देत नसत.

प्रश्न : मी १० वर्षांची आहे. आम्ही गाडीतून खूप लांब जाणार आहोत. आई म्हणते की तिथेही रोज एक पान प्रवासवर्णन लिहायचे. मला लिहायचा कंटाळा येतो. मला फक्त बघायचे आहे. तुम्ही आईला सांगाल का? (एक मुलगी)

उत्तर : सांगते. रोज एक पान हे फार झाले. रोज पानभर लिहायला लावले की मुले ‘आज आम्ही लवकर उठलो, मग न्याहारी केली’ असे लिहू लागतात आणि मग ते आईलाही वाचवत नाही. तू रोज एकच ओळ लिही, पण त्या ओळीत तू स्वतः मोजलेला एक आकडा असला पाहिजे. बघणे आणि मोजणे यांत फार अंतर नाही.

काय मोजायचे ते सांगते. एक सरळ काठी सपाट जमिनीत अगदी उभी रोव. सकाळी अकराच्या सुमारास सुरुवात कर आणि दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी एक खडा ठेव. सावली आखूड होत जाईल आणि मग पुन्हा लांबू लागेल. सर्वांत आखूड सावलीचा क्षण म्हणजे त्या जागेची खरी दुपार, आणि गंमत अशी की तेव्हा घड्याळात बरोबर बारा वाजलेले असतीलच असे नाही. गाडी बरेच दिवस पूर्वेकडे जात राहिली तर ही दुपार हळूहळू लवकर होऊ लागेल, कारण दर एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. मधेच घड्याळ पुढे-मागे करावे लागले तर तेही ओळीत लिही, नाहीतर तुझा हिशेब चुकेल.

रात्री आकाश निरभ्र असेल आणि तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेकडे असाल, तर ध्रुवतारा शोध. हात पूर्ण ताठ करून मूठ धर. क्षितिजापासून वर एकावर एक मुठी ठेवत जा आणि तारा किती मुठींवर आहे ते मोज. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. तुझी मूठ बाबांच्या मुठीपेक्षा लहान असली तरी चालते, कारण तुझा हातही तेवढाच आखूड आहे. ताऱ्याची ही उंची म्हणजेच तुम्ही उभे आहात त्या जागेचा अक्षांश. तुम्ही सरळ उत्तरेकडे सुमारे १११ किलोमीटर गेलात की तारा एक अंश वर चढतो. तो एका मुठीने चढलेला दिसायला मात्र १,१०० किलोमीटर जावे लागेल, तेव्हा घाई करू नकोस. दक्षिण गोलार्धात गेलीस तर तो क्षितिजाखाली जाईल आणि दिसणारच नाही. त्या रात्रीच्या ओळीत शून्य मुठी असे लिही.

आईला हे पत्र दाखव. तिला एका ओळीवर समाधान वाटले नाही, तर तिलाही एक काठी रोवायला सांग आणि दोघींच्या दुपारांत किती मिनिटांचा फरक पडला ते मला कळव.